चार मोड आणि तात्यांची वीणा

लिनक्स कर्नलमधली व्होल्टेज रेग्युलेटरची यंत्रणा मुळात कुणालाही काहीही करू न देण्यासाठी बांधलेली आहे. तिच्यावर माझं पोट चालतं, तरी हे मला कळलं ते देवणीला, सोयाबीनच्या बांधावर चिखलात उभं राहून. तोवर माझी समजूत अशी की ती उगाच माझ्या वाटेत येते, आणि वाटेत येईल त्याला बाजूला सारणं यालाच इंजिनिअरिंग म्हणतात.

पुण्यात मी या रेग्युलेटरांसाठी ड्रायव्हर लिहितो. गावाकडं हे समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. आमच्या आळीत 'त्यो करंटचं कायतरी करतोय' एवढ्यावर भागतं. परिणाम इतकाच, की डीपी जळाली आणि मी नेमका सुट्टीवर आलेलो असलो की दोन-चार माणसं ओट्यावर येऊन बसतात आणि फ्यूज मीच खिशात घालून फिरतोय अशा नजरेनं बघत राहतात.

खरं काम फार बारीक आहे. मोबाइल घ्या, राउटर घ्या, त्यातल्या प्रत्येक भागाची भूक वेगळी. प्रोसेसरला एक व्होल्टच्या आसपास लागतं, मेमरीला थोडं जास्त, सिमकार्डवाल्या मोडेमला पावणेचारच्या घरात. एका बॅटरीतून हे सगळं वाटून द्यायला बक कन्व्हर्टर नावाचं सर्किट असतं. ते येणारी वीज सेकंदाला लाखो वेळा तोडतं आणि जोडतं. पुढं बसवलेली कॉइल आणि कपॅसिटर त्या तुकड्यांचा सपाट प्रवाह करतात. भार मोठा असतो तेव्हा ही तोडजोड ठरल्या तालात अखंड चालते. त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. पण पुढचं यंत्र झोपलेलं असलं की हा ताल महाग पडतो, कारण स्विच हलवायलाही दर वेळी थोडी वीज लागतेच. मग चिप ताल सोडते. व्होल्टेज जरा खाली आलं की एक ठोका, परत खाली आलं की परत एक. हे पीएफएम. यात वीज वाचते, पण व्होल्टेज थोडं हिंदकळतं, आणि एकदम मोठी मागणी आली की बिचाऱ्याला धाप लागते.

आता जगात अशा चिपा शेकड्यांनी, आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी. एडिंबरोच्या वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्समध्ये लिअम गर्डवुड आणि मार्क ब्राउन ही मंडळी होती. कंपनी ऑडिओ चिपांची, म्हणजे वीज जरा जरी खरखरली तरी तिथं ऐकू यायची. त्यांनी या सगळ्या चिपांसाठी एक सामाईक यंत्रणा लिहिली आणि २००८ साली ती कर्नलच्या २.६.२७ आवृत्तीत दाखल झाली. तिच्यात रेग्युलेटरच्या वागण्याला चारच नावं आहेत. फास्ट म्हणजे भार कितीही झपाट्यानं बदलो, तयार. नॉर्मल म्हणजे रोजचं. आयडल म्हणजे हलक्या भारासाठी काटकसरीचं. आणि स्टँडबाय म्हणजे जवळजवळ झोपच. त्यांचे आकडे १, २, ४, ८. आयडल आणि स्टँडबाय यांच्यापुढं हेडर फाइलमध्येच टिपण लिहून ठेवलंय, की हे मोड जास्त खरखरीचे असू शकतात आणि भार झटकन बदलला तर त्यांना झेपेलच असं नाही. हे टिपण मी अनेकदा वाचलेलं आहे. कामावर नव्यानं लागलेल्या पोरांना तर मी ते बोट ठेवून वाचून दाखवतो.

आमचं शेत गावापासून लांब आहे आणि विहीर भावकीत सामाईक. शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते, कधी आठवडाभर दिवसा, कधी आठवडाभर रात्री. रात्रीची पाळी असली की आबा, म्हणजे माझे वडील, हातात बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला निघणार. वाटेत रानडुकरं, आणि पायवाटेवर कधी घोणस तर कधी फुरसं. मराठवाड्यात पिकाला पाणी द्यायचं म्हणजे निम्मं काम पाण्याचं आणि निम्मं अंधाराचं. तेव्हा फोनवरून मोटर चालू करता यावी, ही गरज खरीच होती. त्यासाठी बाजारात मोबाइल स्टार्टर नावाचा डबा मिळतो. सिम घालायचं, फोन लावायचा, मोटर चालू. आमच्या शिवारात कितीतरी मोटरींना तो लावलेला होता आणि बिनबोभाट चालत होता. म्हणूनच मला तो पसंत पडला नाही.

मी पुण्याहून लिनक्स चालणारा बोर्ड आणला. एक रिले खट् करण्यासाठी चार कोरचा प्रोसेसर. प्लास्टिकचा डबा, छोटं सोलर पॅनल, बारा व्होल्टची बॅटरी, आणि फोरजी मिळालं नाही तर टूजीवर उतरणारं मोडेम. हा सगळा थाट विहिरीजवळच्या खांबाला तारेनं आवळला. मोडेमला रेंज मिळाली की आबांना आणि तात्यांना (तात्या म्हणजे माझे चुलते, विहिरीतले निम्म्याचे धनी) आपोआप मेसेज जायचा : 'राम राम. पंप नियंत्रक हजर आहे.' 'राम राम' घालायची कल्पना माझी. यंत्र असलं म्हणून काय झालं, रीतभात नको?

पहिले दिवस बरे गेले. मग श्रावण आला आणि पावसानं ओढ दिली. आमच्याकडचा श्रावण असाच : सोयाबीन माना टाकतं पण वर ढग मात्र असतात. पिकाला पुरेल एवढा पाऊस त्यांत नसतो आणि पॅनलला पुरेल एवढं ऊन ते खाली येऊ देत नाहीत. डब्यातली बॅटरी पहाटेपर्यंत टिकेना. शहाण्या माणसानं उदगीरला जाऊन मोठं पॅनल आणलं असतं. मी खाटेवर मांडी घातली, लॅपटॉप उघडला आणि मोडेमच्या रेग्युलेटरचा कागद काढला.

कागदावर लिहिलेलं होतं, की भार नसताना पीडब्ल्यूएममध्ये चिप स्वतःच काही मिलिअँपिअर खाते आणि पीएफएममध्ये काही मायक्रोअँपिअरच. एक आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट! मोडेम तर दिवसातला बहुतेक वेळ नुसतं कानोसा घेत पडलेलं असतं. त्याचा रेग्युलेटर आयडलला टाकला की झालं. मी कोड लिहिला : मोडेम निवांत झालं की 'रेग्युलेटर सेट मोड, आयडल'. एकच ओळ.

कर्नल म्हणाला, नाही. परवानगी नाही.

इथून पुढचा प्रकार म्हणजे तहसिलीत कागद काढण्याचीच कथा. कर्नलमध्ये रेग्युलेटरचा मोड कुणीही उठून बदलू शकत नाही. त्या बोर्डाच्या वर्णनात, म्हणजे डिव्हाइस ट्रीत, 'या या मोडांना मुभा आहे' असं आधी लिहिलेलं लागतं. लिहिलेलं नसेल तर मुभा नाही; मौन म्हणजे नकार. कारण साधं आहे. चिपला काय जमतं हे चिप बनवणाऱ्याला माहीत असतं, पण त्या बोर्डावर, तेवढ्या कपॅसिटरवर, तेवढ्या लांब तारेवर काय जमेल हे बोर्ड बनवणाऱ्यालाच ठाऊक. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं, म्हणून त्याच्या हातात काही द्यायचं नाही, असा हा शहाणपणाचा कायदा. मी नमुन्यातून मुभेची ओळ उचलली आणि चिकटवली. कर्नल म्हणाला, मोडांची फोड दिलेली नाही. म्हणजे डिव्हाइस ट्रीत चिपच्या भाषेतले आकडे लिहायचे आणि त्यांचा कर्नलच्या चार नावांशी मेळ घालणारं फंक्शन ड्रायव्हरमध्ये असायला हवं. आमच्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये ते नव्हतं. ज्यानं तो ड्रायव्हर लिहिला त्यानं मुद्दाम गाळलं असेल, ही शंका मला शिवलीसुद्धा नाही. उलट मला त्याची कीव आली. मी फंक्शन लिहिलं.

आता उत्तर आलं शून्य. कर्नलच्या भाषेत शून्य म्हणजे काम फत्ते. मी आईकडं चहा मागितला आणि पुण्यातल्या दोन मित्रांना फोन करून विजेची बचत या विषयावर बोललो. बोलता बोलता सहज म्हणून सिस्टीमची ती फाइल उघडली, जिच्यात रेग्युलेटर सध्या कुठल्या मोडमध्ये आहे ते दिसतं. तिथं लिहिलं होतं, नॉर्मल.

यामागं कर्नलमधली मला सगळ्यांत आवडणारी चार ओळींची लबाडी आहे. तुम्ही मागितलेला मोड मुभेच्या यादीत नसेल तर कर्नल भांडत नाही. तो तुमचा आकडा दोननं भागतो आणि पुन्हा यादी बघतो. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. आकडा जितका लहान तितका मोड जास्त वीज खाणारा आणि जास्त भरवशाचा. म्हणजे मागणाऱ्याला त्याच्या मागणीपेक्षा जास्तच मिळेल, कमी कधीच नाही. नमुन्यातल्या मुभेच्या ओळीत फास्ट आणि नॉर्मल दोनच होते. मी चार मागितले, त्यानं दोन वाढले आणि वर 'झालं बरं का' म्हणून मला वाटेला लावलं. अशी बेरकी मदत मला आजवर फक्त आमच्या आत्याकडून मिळाली आहे. पंगतीत 'पोळी नको' म्हटलं की 'बरं' म्हणते आणि दोन वाढते.

मला तेव्हा यातली माया दिसली नाही, अडवणूकच दिसली. मी यादीत आयडलही लिहून टाकलं. आता फाइलमध्ये आयडल आलं. घरी सगळं झकास चाललं. आमच्या ओट्यावर फोरजीची रेंज भरपूर, मोडेम खुशीत. संध्याकाळी डबा परत खांबाला बांधला, जेवलो आणि झोपलो.

पुढचं सगळं ऐकीव आहे, कारण मी झोपेत होतो. पण ते मला इतक्या जणांनी इतक्या तपशिलात सांगितलंय की मी तिथंच होतो असं आता मलाही वाटतं.

गावात सप्ताह चालू होता. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. रात्रंदिवस कुणी ना कुणी ती गळ्यात घेऊन उभा असतो, पहाऱ्याची वेळ संपली की दुसरा येतो आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मधल्या वेळात वीणेकऱ्यानं बसायचं नाही, वीणा सोडायची नाही. रात्री दोन ते चारचा पहारा तात्यांचा होता. तात्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात फोन होता आणि त्या फोनला नातवानं मेसेजसाठी कोंबड्याचा आवाज लावून दिला होता. आवाज पूर्ण मोठा, कारण तात्यांना कमी ऐकू येतं.

दोन वाजून गेल्यावर विहिरीवरची आधीच तुटपुंजी असलेली फोरजीची रेंज गेली आणि मोडेम टूजीवर उतरलं. टूजीचं बोलणं ठोक्यांत असतं : दर ४.६ मिलिसेकंदांनी एक ठोका, तो जेमतेम ५७७ मायक्रोसेकंदांचा. टॉवर लांब असला की मोडेम ओरडून बोलतं, दोन वॉटपर्यंत, आणि त्या ठोक्यापुरता करंट दोन अँपिअरच्या घरात जातो. झोपेतून एकदम दोन अँपिअर, आणि तेही सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा. भार झपाट्यानं बदलणं म्हणतात ते हेच. मी परवानग्या काढून काढून आयडलला बांधून ठेवलेल्या रेग्युलेटरनं जमेल तेवढं केलं, मग व्होल्टेज खाली बसलं आणि मोडेम बंद पडलं. बंद पडल्यामुळं भार गेला. भार गेल्यामुळं व्होल्टेज परत आलं. व्होल्टेज आल्यावर मोडेम उठलं, त्यानं टॉवर शोधला, रेंज मिळाली, आणि माझ्या संस्कारांना जागून त्यानं दोघांना 'राम राम' घातला. निरोप पोचायचा आणि त्या दगदगीत निरोप्या मरायचा. मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा जिवंत, पुन्हा राम राम.

मंडपात पहिला कोंबडा आरवला तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्याला टाळकऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. तात्यांचा एक हात वीणेवर, दुसऱ्यात चिपळ्या. आवाज आपल्याच छातीतून येतोय हे त्यांना सगळ्यांच्या नंतर कळलं, आणि कळूनही करता येण्यासारखं काही नव्हतं. वीणेकऱ्याच्या खिशात हात कोण घालणार? चौथ्या-पाचव्या आरवण्याला देवळामागच्या खोलीत झोपलेल्यांपैकी दोघे काकड्याची वेळ झाली म्हणून उठले आणि हौदावर जाऊन गार पाण्यानं आंघोळ करून आले. आले तेव्हा अडीच वाजले होते. त्यांतला एकजण अजून माझ्याशी बोलत नाही.

हे थांबलं ते माझ्या कर्तबगारीनं नाही. त्या सिमच्या पॅकमध्ये दिवसाला १०० मेसेजची मर्यादा होती. पन्नास आबांना, पन्नास तात्यांना, आणि मग मोडेम मुक्यानं मरत आणि जगत राहिलं.

सकाळी आबा म्हणाले, "पहिल्या दोन-चार राम रामाला मी बी मनात राम राम म्हणलं. मग म्हणलं, पोराला झालंय तरी काय?" तात्या आले. ते रागावले नाहीत, हेच जास्त वाईट होतं. "बाबू," ते म्हणाले, "वीणा गळ्यात असताना मानूस नाकावरची माशी बी हाकलत नाही. अन् तू कोंबडा सोडलास." आबांचा मात्र अजून बैलावर संशय होता. आमचा वानेरा, म्हणजे देवणी जातीतला पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा बैल, पाठ खाजवायला खांब बघतो हे सगळ्यांना माहीत आहे. "त्यानं अँटेना हालवली असंल," असं ते मला वाचवायला म्हणत राहिले. मी घेतलं असतं वानेऱ्याच्या अंगावर ढकलून, पण त्या रात्री तो कोठ्यात बांधलेला होता.

घरी आणून डबा लावला तर काही बिघाड नाही. बिघाड फक्त शेतात होत होता. म्हणून लॅपटॉप, मल्टिमीटर आणि आबांचा जुना रेडिओ घेऊन मी बांधावर गेलो. ऑसिलोस्कोप पुण्यात होता. मल्टिमीटर शांतपणे ३.८ व्होल्ट दाखवत होता, मोडेम मरतानासुद्धा. पाचशे-सातशे मायक्रोसेकंदांची पडझड त्याला दिसत नाही, तो सरासरी सांगणारा सरळमार्गी प्राणी आहे. मग उरले कान. डब्याला कान लावला की आतून बारीक 'किर्र' ऐकू यायचं. पीएफएममध्ये ठोके इतके विरळ होतात की त्यांचा वेग माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या टप्प्यात उतरतो, आणि सिरॅमिक कपॅसिटरच्या पोटातला पदार्थ व्होल्टेजबरोबर किंचित आकसतो-फुगतो, त्यानं पाटी थरथरते आणि गाते. रेडिओ मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवला होता. मोडेम टूजीवर बोलू लागलं की त्यातून टर्र-टर्र यायचं. म्हणजे माझ्याकडं दोन साक्षीदार झाले. आधी किर्र. मग किर्रचा सूर एकदम चिरकत वर चढायचा, रेडिओत टर्र, आणि लगेच दोन्हीकडं सामसूम. सूर वर चढणं म्हणजे रेग्युलेटर पीएफएममध्येच राहून जिवाच्या आकांतानं ठोके देतोय. सामसूम म्हणजे संपला. मी चिखलात उकिडवा बसून हे ऐकत होतो आणि मला, खरं सांगतो, फार आनंद होत होता. असा निदानाचा क्षण नोकरीत वर्षभरात येत नाही.

शेजारच्या पातीत आई आणि चार बाया खुरपत होत्या. आई पाणी प्यायला आली, डब्याजवळ वाकली आणि म्हणाली, "ह्यात रातकिडा शिरलाय. उघड, झटकून टाकते."

मी तिला समजावलं की हा किडा नाही, कपॅसिटर आहे, आणि तो माझ्या नव्या कोडमुळं गातोय.

"तुझा कोड कधी टाकलास?"

"परवा."

"मग? त्यो तर डबा बांधला तवापासून वरडू लालाय की. पहिल्या दिवशीच म्हणलं होतं मी तुज्या बापाला, किडा हाय म्हणून."

पाणी पिऊन ती खुरपायला गेली. मी तसाच बसून राहिलो. डबा बांधला तेव्हापासून गातोय, म्हणजे माझ्या कोडच्या आधीपासून. म्हणजे नॉर्मल मोडमध्येही चिप हलक्या भाराला पीएफएममध्येच जात होती. मी जुना कोड टाकला, कान लावला. किर्र. तसंच. मग चिपचा कागद पुन्हा काढला आणि या खेपेला तक्त्याच्या डोक्यावरची ओळही वाचली. ज्या मिलिअँपिअरांवर माझी नजर होती ते 'सक्तीचा पीडब्ल्यूएम' या रकान्यातले होते. कर्नलच्या नावांत तो फास्ट. नॉर्मल म्हणजे त्या चिपचा आपोआपचा मोड : भार नसेल तर स्वतःच पीएफएम, मागणी आली की डोळ्याचं पातं लवायच्या आत स्वतःच पीडब्ल्यूएम. म्हणजे वीज आधीच वाचत होती. मी एवढा खटाटोप करून त्या चिपला मिळवून दिलं ते एकच, जागं होण्याची मनाई. बचत म्हणाल तर काही मायक्रोअँपिअर. त्याच डब्यात रिलेच्या पाटीवर एक लाल एलईडी रात्रंदिवस जळत होता आणि तो एकटा काही मिलिअँपिअर खात होता, म्हणजे मी जेवढ्याचं स्वप्न बघितलं तेवढंच जवळपास. तो लाल दिवा मी रोज बघत होतो. चालू आहे ना, एवढीच खात्री करायला.

पक्कडीनं एलईडी उपटला. पॅनल उदगीरहून मोठं आणलं.

या यंत्रणेत सरळ रस्ताही आहे, हे सांगायला हवं, नाहीतर गर्डवुड-ब्राउन यांच्यावर अन्याय होईल. ड्रायव्हरनं मोडाचं नाव घ्यायचंच नाही. मला आता इतका करंट लागेल, एवढंच सांगायचं. एका रेग्युलेटरवर जेवढी गिऱ्हाइकं असतील त्या सगळ्यांच्या मागण्यांची कर्नल बेरीज करतो आणि मग चिपच्या ड्रायव्हरला विचारतो, की एवढ्याला कुठला मोड बरा? त्यालाही डिव्हाइस ट्रीत वेगळी मुभा लागते, अर्थातच. ज्या चिपांना आपोआप मोड बदलता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय अनमोल आहे. मोडेमला हाक मारायच्या आधी मागणी नोंदवायची, रेग्युलेटर सावध झाला की मग हाक. आमच्या चिपला याचीही गरज नव्हती. मी मुभेच्या ओळी खोडल्या, फंक्शन काढून टाकलं, आणि कर्नल पुन्हा पहिल्यासारखा मला 'परवानगी नाही' म्हणू लागला. ऐकायला बरं वाटलं.

डबा आता चालतो. 'राम राम' काढून टाकला. त्याच्या जागी आबांनी सुचवलेली गोष्ट घातली : थ्री फेज लाइट आली की 'लाइट आली' आणि गेली की 'लाइट गेली'. ही सोय बाजारातल्या काही स्टार्टरांत आधीपासून आहे हे मला नंतर कळलं, पण ते मी घरी सांगितलेलं नाही. भावकीतल्या आणखी पाच-सहा जणांनी यादीत आपापले नंबर घालून घेतले. तात्यांनी कोंबडा काढून साधी घंटा लावली आणि राग सोडला.

मग एकदा त्यांचा पुण्याला फोन आला. लाइट आली की मेसेज आधी आबांना येतो आणि तात्यांना काही सेकंदांनी, असं दोघांनी ओट्यावर फोन शेजारी शेजारी ठेवून पडताळलं होतं. मी सांगितलं की मोडेम एका वेळी एकच मेसेज पाठवतं आणि यादीत आबांचा नंबर वर आहे. "का वर हाय?" तात्या म्हणाले. "विहीर निम्मी निम्मी हाय ना?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हा सध्या मी पाण्याच्या पाळीप्रमाणं यादी फिरवणारा कोड लिहितोय, एक दिवस आबा वर, एक दिवस तात्या. ज्या दिवशी लाइट चार-चारदा जाऊन येते त्या दिवसाचं काय करायचं, ते पोळ्याला सगळी भावकी जमेल तेव्हा ठरणार आहे.